दगडावरचं साल

—अरे, माफी कसली मागतोस डेल? तुझ्या वडिलांनी मला मागच्याच शतकात मारून ठेवलं, त्यात तुझा काय दोष? तू तेव्हा शाळेत होतास. बस, बस. बूट काढू नकोस— ते दारातले मोठे बूट? ते शेजारच्या शेतावरच्या व्हर्लिनचे, पंप दुरुस्त करायला आला होता नि विसरला. कॉफी घे. तर माझा हार्लन गेला अठ्ठ्याऐंशी साली, आणि आपली ती रीत— नवऱ्याच्या थडग्याच्या दगडावर बायकोचंही नाव हातासरशी कोरून टाकायचं. आर्डिस टोलेफसन, जन्म १९३६, मृत्यू १९, आणि पुढे दोन आकड्यांची जागा. मी तेव्हा बावन्नची, धडधाकट, पण दगड कोरताना तुझ्या वडिलांना वाटलं, ही बाई काही दोन हजार साल बघत नाही! आता शहात्तर. दर रविवारी चर्चमधून बाहेर पडले की तो दगड बघतो माझ्याकडे— काय बाई, अजून आहातच?

असो. तुला बोलावलंय ते आजी-आजोबांच्या नव्या दगडासाठी. हा कागद माझ्या भावाने, लॉइडने, लिहून दिलाय: पेडर आणि इंगेबोर्ग हाउगेन, विवाह १९०४. घरच्या बायबलात तसंच लिहिलंय, मीही जन्मभर तेच धरून चालले. मग मागच्या हिवाळ्यात बर्फाने रस्ता बंद, करायला काही नाही, म्हणून ते बायबल काढलं— आणि पहिल्या पानावर छापल्याचं साल दिसलं. १९११! आता तूच सांग, १९११ साली छापलेल्या पुस्तकात १९०४ चं लग्न त्याच दिवशी कोण लिहील? सगळ्या नोंदी एका शाईत, एका बैठकीत, आजोबांच्या अक्षरात. माझा आजोबा, चर्चच्या मंडळातला, लोकांच्या पोरांना खोटं बोलल्याबद्दल कान धरून उभं करणारा— तो! मी आधी रडले, खरं सांगते. मग हट्टाला पेटले आणि सरकारी दप्तरातून जमिनीचे कागद मागवले.

आणि कागद आले ना, डेल— हसून हसून मुरकुंडी वळली माझी. त्या काळी इथे डाकोटात सरकार एकशे साठ एकर फुकट देई, पाच वर्षं राहायचं, नांगरून दाखवायचं. एकट्या बाईलाही देई. पण लग्न केलंत की बिऱ्हाड एक, आणि बिऱ्हाड एक तर जमीन एक. मग या दोघांनी काय केलं? शेजारी शेजारी जमिनी घेतल्या आणि बरोब्बर हद्दीवर घर बांधलं! अर्धं त्याच्या जमिनीत, अर्धं तिच्या. त्याची खाट पश्चिमेला, तिची पूर्वेला, मध्ये चूल. आजीच्या कागदात साक्षीदार कोण, तर शेजारी पेडर हाउगेन. अधिकारी विचारतो, अर्जदार बाई तुमच्यापासून किती लांब राहतात? आजोबा सांगतात, 'फार नाही. सहा फूट.' आणि माझे वडील जन्मले १९०७ साली. हद्द कोणी ओलांडली, त्याची नोंद नाही.

दोन्ही जमिनी नावावर झाल्या १९१० च्या मे महिन्यात, आणि जूनमध्ये लग्न! चर्चच्या वहीत आहे, मी या डोळ्यांनी पाहिलं. पाद्रीबाबांनी समासात लिहिलंय— मुलगा स्वस्थ उभा राहीना, त्याला केक दिला. अख्ख्या गावाला ठाऊक असणार, आणि एकानेही चुगली केली नाही. का करतील? निम्म्या गावाची घरं हद्दीवरच होती!

लॉइड म्हणतो, 'घरची लक्तरं वेशीवर कशाला टांगतेस आर्डिस? १९०४ कोरून घे आणि गप्प बस.' लक्तरं? अरे, सहा वर्षं ती बाई कागदावर कुमारी म्हणून सही करत होती, कडेवर पोर घेऊन! ज्याच्यावर जीव जडला त्याच्या चुलीपाशी राहिली, लोक काय म्हणतील याला भीक घातली नाही. आणि तिची नात बघ. चार वर्षं तो विचारतोय, आणि मी— काही नाही. लेफ्से खा, बटाट्याच्या पोळ्या आहेत, साखर लावून गुंडाळी कर.

बरं, ऐक, आता तोंडातून निघालंच आहे तर. दर वर्षी सूर्यफुलं कापून झाली की व्हर्लिन अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून येतो. तू बसलायस त्याच खुर्चीत बसतो. आणि मी दर वर्षी तेच— लॉइड काय म्हणेल, चर्चमधल्या बायका काय म्हणतील, माझं नाव कोरून झालंय रे हार्लनशेजारी. हार्लनवर माझा जीव होता, ते काही खोटं नाही. पण चोवीस वर्षं झाली. मागच्या वर्षी व्हर्लिन काय म्हणाला माहितीये? 'दगडाला घाई नाही आर्डिस. मला आहे.' तेव्हाही मी नाहीच म्हटलं. मूर्ख बाई!

तर लिही. विवाह १९१०. लॉइडला मी बघून घेते. आणि माझ्या दगडावरचा तो एकोणीस— तू म्हणतोस तसा वीस होईल का त्याचा? होईल? नको, थांब. वीस नको. नुसतं बुजवून टाक, दगडाची भुकटी भरून, आणि वर काही कोरू नकोस. आधी आडनावाचं काय ते ठरू दे.

—असा बघत काय बसलास? ऊठ, ऊठ, कप राहू दे. गाडीचा आवाज येतोय, कालच कापणी आटपलीय त्याची, आणि माझे केस बघ, केरसुणी झालीये. निघ आता. आणि ते बूट ओलांडून जा— हलवू नकोस, आहेत तिथे बरे आहेत.