गंज धरायला लागणारा वेळ

वडील : लिंबू-मीठ? पोरी, ते मासिकात टिपा लिहिणाऱ्या बायकांचं काम. ठेव तो गाऊन. ह्या डागाला आता काही लागू पडायचं नाही.

मुलगी : ‘आता’ म्हणजे? आधी पडलं असतं?

वडील : आधी कधी?

मुलगी : त्याच्यावर ब्लीच पडण्याआधी.

वडील : कोण म्हणतं ब्लीच पडलंय?

मुलगी : माझं नाक. वॉशिंग मशीनच्या मागे पिशवीत गाठ मारून ठेवलेला सापडला. पिशवी सोडली तर डोळ्यांतून पाणी आलं.

वडील : मग तुझ्या आईचेच प्रताप. जन्मभर सांगितलं तिला, पालथ्या घड्यावर पाणी. ब्लीचनं गंज जात नाही, घर करून बसतो.

मुलगी : ते मला पाठ आहे. माझ्या शाळेच्या शर्टाला कंपासपेटीचा गंज लागला होता. आईनं ब्लीचची बाटली उचलली, तर तुम्ही तिच्या हातातून हिसकावून घेतलीत. त्यानंतर तिनं कधी गंजावर ब्लीच घातलं नाही.

वडील : विसरली असेल. वय झालं होतं.

मुलगी : बाबा, हा गाऊन मी पाठवला होता. त्या दिवशी सकाळी सातला तिनं मला व्हिडिओ कॉल केला, नवा घातलाय तो बघ म्हणून. गोल फिरून दाखवला. तेव्हा पांढरा स्वच्छ होता. संध्याकाळी मी पोचले तेव्हा तिच्या अंगात निळा होता. मधल्या वेळात ती गेली होती. मग ब्लीच कोणी घातलं?

वडील : वकील व्हायचं होतंस तू.

मुलगी : इथे बघा. खांद्यापासून कोपरापर्यंत.

वडील : चष्मा नाहीये माझा.

मुलगी : कपाळावर आहे.

वडील : ...बघितलं. डाग आहेत.

मुलगी : चौकोन आहेत. बाथरूमच्या फरशीतल्या लोखंडी जाळीचे. मी गाऊन त्या जाळीवर पसरून पाहिला. चौकोनावर चौकोन बसतो.

वडील : पडला असेल गाऊन जाळीवर. कपडे पडतात.

मुलगी : तिच्या गालावरही होते. मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, उशीच्या विणीचे वळ आहेत.

वडील : तुला चहा ठेवू का?

मुलगी : नको. ओला कपडा गंजक्या लोखंडावर राहिला, तर डाग किती वेळात धरतो?

वडील : ते कापडावर असतं. पाण्यावर असतं.

मुलगी : हॉस्पिटलच्या लाँड्रीत तुम्ही बत्तीस वर्षं काढलीत. नवीन माणसाला काय शिकवायचात? सुती कापड, पाणी गळतंय, जाळी आधीच गंजलेली.

वडील : तासाभरात पिवळी झाक येते. ती साध्या धुण्यात निघते.

मुलगी : आणि असा? तांबडा, कडा धरलेला?

वडील : तुला हा डाग काढून हवाय की नकोय?

मुलगी : मला डाग काढायचाच नाहीये. मला वेळ हवाय.

वडील : पाच तास. सहा.

मुलगी : तुम्ही फोनवर म्हणालात, दुपारी जरा आडवी झाली आणि झोपेतच गेली.

वडील : मग काय सांगायचं होतं? इतक्या लांबून येताना गाडीत काय करणार होतीस तू, खरं घेऊन?

(वडील बेसिनचा नळ सोडतात, हात धुतात, पुन्हा धुतात.)

मुलगी : नळ बंद करा. मला ऐकू येत नाही.

वडील : अबोला चालू होता आमचा. नववा दिवस.

मुलगी : कशावरून?

वडील : कशावरून असतो? टीव्हीच्या आवाजावरून. हसू नकोस.

मुलगी : मी हसत नाहीये.

वडील : चव्वेचाळीस वर्षांत असे शंभर अबोले झाले. दर वेळी आधी कोण बोललं? मी. तुम्हा पोरांना वाटायचं, आई बिचारी गरीब. ती दगड होती, दगड! ह्या खेपेला मी ठरवलं होतं, बोलू दे तिलाच.

मुलगी : बोलली का?

वडील : आधी काहीतरी आदळलं. बादली वाटली मला. रागात असली की भांडीकुंडी आपटायचीच ती. मग हाक आली. ‘अहो.’

मुलगी : किती वाजता?

वडील : साडेनऊ. बातम्या लागल्या होत्या.

मुलगी : आणि तुम्ही?

वडील : आवाज वाढवला. मनात म्हटलं, आली ताळ्यावर. आणखी एकदा मारू दे हाक.

मुलगी : मारली?

वडील : जराशानं. बारीक आवाजात. माझं नाव घेतलं.

मुलगी : तुमचं नाव? आईनं?

वडील : चारचौघांत नाही, एकांतात नाही, कधी म्हणून घेतलं नव्हतं. फॉर्मवर लिहायची वेळ आली तरी पेन माझ्या हातात द्यायची.

मुलगी : मग तरी उठायचं ना, बाबा.

वडील : राग आला मला. म्हटलं, आता नावापर्यंत मजल गेली हिची.

मुलगी : त्यानंतर?

वडील : त्यानंतर काही नाही.

मुलगी : तुम्ही गेलात कधी?

वडील : तीनला. नळ गळत होता तिच्यावर. उचलून पलंगावर ठेवली. चिंब होती. लोकांसमोर तशी कशी न्यायची? आधी गाऊन बदलला, मग डॉक्टरांना फोन केला.

मुलगी : तेव्हा जिवंत होती?

वडील : डोळे उघडे होते. डॉक्टर जिना चढत होते तेव्हा गेली.

मुलगी : तुमच्याकडे बघत होती?

वडील : ते विचारू नकोस.

मुलगी : आणि मी पोचायच्या आत ह्याच्यावर ब्लीच ओतलंत. तुम्ही. गंज काढायची तुमची पूड कपाटात असताना.

वडील : पूड आठवलीच नाही गं. जी बाटली हाताला लागली ती ओतली. ओतल्यावर कळलं काय केलं ते.

मुलगी : एकच विचारते. मग हा गाऊन मी नेते. साडेनऊला उठला नाहीत. दहाला नाही, बाराला नाही. मग तीनला कशासाठी उठलात?

वडील : जाऊ दे ना आता.

मुलगी : बाबा.

वडील : भूक लागली होती.