मास्तरीणबाईंचं पेट्रोल

सासू : चावी फिरवू नका, मास्तरीणबाई!

सून : आता काय राहिलं? टाकी भरली, आरसे लावले, पट्टा लावला. दुपारी परीक्षा आहे तुमची. इथे पंपावरच मुक्काम करायचाय का, आई?

सासू : तसं नाही. आपली ही नवी गाडी डिझेलची ना?

सून : हो. जुनी पेट्रोलची होती, ही डिझेलची. का?

सासू : पंपावरचा मुलगा दुसऱ्या गाडीत गुंतला म्हणून तुम्हीच पाइप घेतलात ना, तो पेट्रोलचा घातला होतात आत.

सून : काहीतरीच! इतकी वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतेय मी. झाकणावर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय... अगं बाई. अगं बाई, अगं बाई!

सासू : आधी ती चावी द्या माझ्याकडे.

सून : टाकी फुल्ल केली हो मी! हे झालं कसं?

सासू : भरता भरता माझी पाट्यांची उजळणी घेत होतात ना. अरुंद पूल कसा दाखवतात, घसरडा रस्ता कसा दाखवतात. तोंड माझ्याकडे, हात पंपाकडे. गेला सवयीने पेट्रोलवर.

सून : म्हणजे तुम्ही बघत होतात?

सासू : चांगली डोळे उघडे ठेवून.

सून : मग बोलला का नाहीत?

सासू : नियम कुणाचा? तुम्हीच म्हणता ना, ‘गाडीत बसलं की मी सून नाही, शिक्षिका’. शिक्षिकेच्या मध्ये बोलायचं नाही. मला वाटलं, असेल काहीतरी नवीन. तुम्ही एवढ्या शिकवणाऱ्या, मी कोण सांगणारी?

सून : धन्य आहे! मागच्या परीक्षेतही हेच. साहेब म्हणाले डावीकडे घ्या, आणि समोर प्रवेश बंदची पाटी दिसत असताना घातलीत गाडी आत!

सासू : साहेबच म्हणाले होते.

सून : ते मुद्दाम म्हणतात, आई! तुम्ही रस्त्याचं ऐकता की त्यांचं, तेच बघायचं असतं त्यांना.

सासू : बरं, आता डोळ्यांत पाणी नको आणूस. राहू दे परीक्षा.

सून : राहू दे कशी? शिकाऊ लायसन आज संपतंय. परत सगळं पहिल्यापासून. आणि मावशींना कबूल केलंय ना तुम्ही, स्वतः गाडी चालवत येईन म्हणून?

सासू : केलंय गं. गुडघे गेल्यापासून ती उंबऱ्याबाहेर पडत नाही. मी जायचं म्हटलं की घरात सगळे म्हणतात, नेतो पुढच्या रविवारी. तुमचंही चुकत नाही, कामं असतात. पण सख्ख्या बहिणीला भेटायला दर वेळी दुसऱ्याच्या रविवारची वाट बघायची, याचा मला अगदी वीट आलाय.

गॅरेजवाला : नमस्कार! इथला गोंधळ ऐकून पंपवाल्यांनी बोलावलं मला. डिझेलच्या गाडीत पेट्रोल ते कुणाचं? आं! मॅडम, तुम्ही?

सून : झालं. हे एक बाकी होतं.

गॅरेजवाला : मावशी, माझ्या बायकोला ह्यांनीच शिकवलंय. रोज ऐकवते मला, मॅडम म्हणतात झाकण तीनदा वाचा.

सासू : आज मॅडम पहिलीतच नापास झाल्या!

सून : हसा, हसा दोघं.

गॅरेजवाला : गाडी चालू केली होती का?

सासू : छे! चावी माझ्या पर्समध्ये आहे.

गॅरेजवाला : मग वाचलात, मावशी. इंजिनात गेलं असतं तर मोठं काम निघालं असतं. आता नुसती टाकी उपसायची आणि डिझेल भरायचं. चौकापलीकडेच गॅरेज आहे, माझ्या जीपला दोर बांधून टोचन करून नेतो. मागे स्टीअरिंगवर कोण बसतंय?

सून : मी.

सासू : तुझं लक्ष अजून त्या टाकीतच आहे. सरक पलीकडे. मी बसते.

सून : आई, इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा लागतो.

सासू : मग दाबीन जोर लावून. आयुष्यभर कणीक काय उगाच तिंबली?

गॅरेजवाला : चावी एकच घर फिरवा हं मावशी, स्टीअरिंग मोकळं होण्यापुरती. दोर ताणलेला ठेवा. निघालो!

सून : सावकाश. उजवीकडे थोडं. छान. अहो, छान जमतंय!

गॅरेजवाला : चला मावशी, सिग्नल बदलायच्या आत काढू! ब्रेक सोडा!

सासू : सोडणार नाही! पिवळा लागलाय!

गॅरेजवाला : अहो, निघतंय आरामात!

सासू : तुमची जीप निघेल, मी मागे दोराला लटकलेय! लाल झाला की मधोमध मी! थांबा म्हणते ना!

गॅरेजवाला : थांबलो, थांबलो!

सून : आई.

सासू : काय? चुकलं का माझं?

सून : काही चुकलं नाही. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आधी तुमचा ब्रेक लागला होता.

(दुपार. परीक्षेच्या मैदानाच्या फाटकाबाहेर.)

सून : काय झालं? एवढा वेळ? बोला ना, जीव टांगणीला लागलाय माझा.

सासू : मैदानातून रस्त्यावर नेलं, आणि साहेब म्हणाले, त्या कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या दारासमोर लावा गाडी.

सून : बापरे. लावलीत?

सासू : म्हटलं, साहेब, तुम्ही म्हणालात तरी इथे नाही लावणार. आतून कुणाला घाईने न्यायचं झालं तर? पुढे जागा आहे, तिथे लावते.

सून : आणि साहेब?

सासू : मान खाली घालून लिहीत बसले. मला वाटलं, झालं, उद्धटपणा नडला. मग हसले हो! म्हणाले, आजी, पास. लायसनही लगेच दिलं हातात.

सून : पास! आई, पास! थांबा, मिठी मारू द्या आधी!

सासू : अगं, हाडं मोडशील! गाडीही चालवायचीय मला अजून. बस, घरी सोडते तुला.

सून : मला नका सोडू. घर दोन गल्ल्यांवर आहे, जाईन चालत. तुम्ही निघा.

सासू : एकटी?

सून : एकटीच. टाकी भरलेली आहे. डिझेलने.

सासू : खरंच जाऊ? बघ हं, निघाले की थांबायची नाही मी. थांब, तिला फोन लावते... हॅलो, मी बोलतेय. दार नुसतं लोटून ठेव, उठू नकोस. हो, आत्ताच. नाही गं, कुणी आणत नाहीये. मीच येतेय.