जावयाचा दगड

आजच्या समारंभाचे अध्यक्ष सरपंच जयसिंगराव, निरोपाचे मानकरी रेंजर हैबतरावसाहेब, व्यासपीठावरील वडीलधारी मंडळी आणि समोर बसलेल्या गावकरी बंधुभगिनींनो,

मला वर्गात बोलायची सवय आहे, सभेत नाही. सरपंचांचा शब्द मोडवेना, म्हणून उभा आहे.

नव्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानाची हद्द वाढली आणि आपली देवराई तीत आली. नुसती जमीन राखून भागणार नाही, येणाऱ्याला ती समजावूनही सांगितली पाहिजे, असे त्या कायद्यात आहे. साहेबांनी त्यासाठी मेहनत केली. राईत वाट झाली, झाडांपाशी पाट्या लागल्या. त्यांचे अभिनंदन करायलाच हवे, आणि मी ते करतो.

पण पाट्यांवरची माहिती कोणाची? माझ्या पत्नीची, सगुणाबाईची. ती या गावची लेक. गेल्या मार्गशीर्षात ती गेली, हे आपण जाणताच.

मी घोटावड्याचा, म्हणजे गावचा जावई. जावयाने राईत पाऊल टाकायचे नाही, ही इथली रीत. दर मंगळवारी साहेब आणि सगुणा आत जायचे, बरोबर राखणदार म्हणून माझे मेहुणे भैरू. मी बाहेरच्या दगडावर तिघांच्या चपला सांभाळत बसायचो. एकदा भैरूला विचारले, "साहेब कसे चालतात रे?" तो म्हणाला, "ते काय हितलं जावई हायेत व्हय? तुमी बसा दाजी. सावली हाय की."

आतून तिचे हसणे ऐकू यायचे. एवढे काय हसण्यासारखे असते हो झाडांत? घरी विचारले तर म्हणायची, "तुमास्नी सांगून काय उपेग? बघितल्याबिगर कळायचं न्हाई." एवढ्या संसारात मी तिच्याकडून मीठ संपले, तेल संपले हेच ऐकले. बाकीचे साहेबांनी ऐकले. साहेब सज्जन आहेत, त्यांचा काही दोष नाही. तरी मला त्यांचा हेवा वाटायचा, आणि आजही वाटतो. खोटी स्तुती त्यांनाही रुचणार नाही.

तिचे दिवस झाल्यावर साहेब घरी आले. म्हणाले, "मास्तर, आता वाट सर्वांना खुली आहे. चला, मी दाखवतो." मी नको म्हणालो. तिची राई मी यांचे बोट धरून पाहायची?

काल भैरू आला. "दाजी, पुण्याची मानसं येऊन पाट्या वाचनार आन् तुमी भाईर? देवाला कौल लावला. उजवा दिला त्येनं."

तेव्हा साहेब, एक विनंती आहे. उद्या तुमची मोटार निघण्याआधी मी राईत जाणार आहे. एकटा. तेवढा वेळ तुम्ही बाहेर थांबा आणि माझ्या चपला सांभाळा.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलेत, आभारी आहे. काही उणेअधिक बोललो असेन, तर साहेबांनी उद्या त्या दगडावर बसूनच मला माफ करावे. सावली आहे तिथे.