केळीच्या चिकाचे डाग

सन्माननीय अध्यक्ष तोतारामआबा, व्यासपीठावरील पाहुणे, कार्यकारी मंडळाचे सभासद आणि पुढे जागा नसल्याने दाराशी बसवलेल्या भगिनींनो,

मी बोलणार नव्हते. पण आत्ता वाचलेल्या मानपत्रात म्हटले आहे, की माझ्या चिटणीसपदाच्या काळात वाचनालयाचे एकही पुस्तक मळले नाही. हा आरोप मला मान्य नाही, म्हणून उभी राहिले.

हे पुस्तक पाहा. सासर सोडून निघालेल्या एका मुलीची ही कादंबरी. भिकुबाई ती केळीच्या बागेत मजुरीला जाताना नेई आणि दुपारच्या भाकरीनंतर सोबतच्या बायकांना वाचून दाखवी. केळीचा चीक धुऊन जात नाही. पानोपानी तिच्या अंगठ्याचा काळा डाग आहे. शेवटचे प्रकरण तेवढे स्वच्छ. का? तपासणीला साहेब येणार म्हणून मंडळाने बाहेरची सगळी पुस्तके परत मागवली. साहेबांनी कपाटाच्या काचेतून पुस्तके पाहिली, चहा घेतला आणि खूश होऊन गेले. एकही पुस्तक उघडले नाही, हे आपले भाग्य.

त्या आनंदात मंडळाने ठराव केला, तो उद्यापासून लागू: शेतात राबणाऱ्या बायकांना पुस्तक घरी द्यायचे नाही, त्यांनी संध्याकाळी इथे येऊन वाचावे. मी विचारले, "आबा, संध्याकाळी त्यांची चूल कोण पेटवील?" आबा म्हणाले, "अक्का, तो प्रश्न वाचनालयाच्या कक्षेत येत नाही." खरे आहे. मग कक्षेत येते तरी काय? काचा पुसणे?

गेल्या निवडणुकीत याच बायकांच्या बोटावरच्या शाईचे आपण भाषणांतून कौतुक केले. तेच बोट पानाला लागले की डाग होतो.

काल भिकुबाई दारात येऊन म्हणाली, "अक्का, त्या पोरनं पुढे काय व्हयनं? बठ्ठ्या बाया माले इचारी राह्यन्यात." त्या मुलीच्या गोष्टीचा शेवट मला ठाऊक आहे. सांगितला नाही. माझ्या तोंडून शेवट ऐकायचा, तर वाचनालय कशाला हवे?

आपण सत्कार केलात, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झाले असेल, तर आबांनी ते पोटात घालावे. मंडळाच्या पोटात बरेच मावते.

आता सुपूर्द केल्याची नोंद. शाल: मंडळाकडे, काचा पुसण्यासाठी. कपाटांच्या चाव्या: अध्यक्षांकडे. ठराव उद्यापासून आहे. म्हणून त्या चाव्यांआधी, मी चिटणीस असतानाच, ही कादंबरी: भिकुबाईकडे, घरी नेण्यास. परत येईल तेव्हा मंडळाने शेवटचे प्रकरण तपासावे. ते स्वच्छ आढळल्यास पुस्तक तिला पुन्हा द्यावे.