उर्वीचा बेकूड

अध्यक्षस्थानी असलेले आदरणीय प्राचार्य सौमित्र सर, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती प्रमोदिनी मॅडम, पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे यजमान मधुकाका, सहकारी आणि विद्यार्थी मित्रांनो, सर्वांना नमस्कार.

मी धनेश. आधी मॅडमचा विद्यार्थी, आता त्यांच्याच प्राणिशास्त्र विभागात शिकवतो. सरांनी पाच मिनिटं दिली आहेत. सर, सहा झाली तर मॅडमकडे बघून सोडून द्या.

उत्क्रांती शिकवताना मॅडम एक वाक्य हमखास म्हणायच्या, “रक्त वरून खाली जातं, विचार मात्र आडवा पसरतो.” शरीरातला बदल आईबापांकडून लेकराकडेच जाणार, त्यालाही पिढ्यान्‌पिढ्या लागणार. विचाराला कुठे नातं लागतं? सकाळी पहिल्या बाकावरून निघाला की दुपारी कँटीनमध्ये हजर! आणि वाटेत बदलतो, तेही कुणाच्या लक्षात न येता.

आपल्या विभागात बेडकाला ‘बेकूड’ म्हणतात. हसताय ना? मी हा शब्द घरी नेला. परवा शहाडला आमची आई, आवडाबाई, ओरडली, “धनेश, मोरीन बेकूड शिरलाय रं!” वागळे इस्टेटमध्ये नोकरीला लागलेले आपले माजी विद्यार्थीही असंच म्हणतात. पण हा शब्द आला कुठून, हे कुणी कधी विचारलं?

गेल्या आठवड्यात आम्ही प्रयोगशाळेतलं कपाट आवरत होतो. तिसऱ्या वर्षाच्या साकेतने एक बरणी उचलली. “मॅडम, हा बेकूड कुठे ठेवू?”

“अरे, याला बेकूड का म्हणतोस?”

“मॅडम, जिवंत असतो तो बेडूक. बरणीतला तो बेकूड. सीनियर्सनी सांगितलेलं.”

मॅडम स्टुलावर बसल्या. मग हळूच म्हणाल्या, “उर्वीचा बेकूड उड्या मारायचा रे.”

पुढचं त्यांना विचारूनच सांगतो आहे. उर्वी ही मॅडम आणि काकांची एकुलती एक मुलगी. तिला ‘बेडूक’ म्हणता येत नसे. डोंबिवलीला घरामागच्या डबक्यापाशी ‘बेकूड, बेकूड’ करत नाचायची. शाळेत नाव घालायच्या आधीच ती तापाने गेली. घरात तो शब्द उच्चारवेना, म्हणून मॅडम तो वर्गात बोलू लागल्या. वाटलं, निदान एवढं तरी तिचं मागे राहील. राहिलं. पण तिचं नाव गळलं, पुढच्या बॅचमध्ये उड्याही गळल्या, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तो शब्द बरणीतल्या मेलेल्या बेडकाला चिकटवून टाकला. मला याचं फार वाईट वाटतं, मित्रांनो.

त्या दिवशी मॅडम म्हणाल्या, “धनेश, रक्ताचा रस्ता माझ्यापाशीच संपला. मला वाटलेलं, आडवा रस्ता तरी तिला नीट पोचवेल.” मी बरण्या पुसत राहिलो.

शाल-श्रीफळ देऊन झालं आहे. मला काही द्यायचं नाही, तुमच्याकडे मागायचं आहे. उद्यापासून बरणीतला तो बेडूक. डबक्यात उड्या मारतो तो बेकूड. नव्या पोरांनी ‘असं का?’ विचारलं, तर सांगा, हा उर्वीचा शब्द आहे.

एवढं शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभार. माझं काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. शब्द चुकले असतील तर सुधारून घ्या. एक तेवढा सुधारू नका.