नैऋत्येची टाकी आणि केसरबाई

मी काकासाहेब बन्सी शेजूळ, वय ५७ वर्षे, धंदा शेंद्रा येथे कारखान्यात सुपरवायझर व बिडकीनला थोडी शेती, राहणार ज्ञानदीप वसाहत, बीड बायपास, छत्रपती संभाजीनगर. समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून जबाब देतो की,

वरील पत्त्यावर मी व पत्नी वच्छलाबाई राहतो. मुलगी दीपमाला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली व तिला मुलगी झाली. बारशाला पाहुणे येणार म्हणून मी गच्चीवर एक खोली आणि तिच्यावर पाण्याची टाकी बांधून घेतली. जड वस्तू नैऋत्येला असावी असे वास्तुशास्त्र सांगते, म्हणून दोन्ही त्याच कोपऱ्यात घेतल्या. त्या कोपऱ्याखाली कॉलम नाही, नुसती विटांची भिंत आहे. भिंतीलगत खालच्या खोलीत दीपमालाची बाज होती.

बांधकाम परवानगी घेतली नाही. आमचे घर विनापरवाना प्लॉटवरचे, ते गुंठेवारी कायद्यात नियमित झालेले आहे. एकदा नियमित झाले की वर काहीही चढवता येते असा माझा पक्का समज होता, आणि तो मी गल्लीत चारचौघांना समजावूनही सांगत असे.

शेजारी केसरबाई राहतात. त्यांच्या अंगणातून ती भिंत दिसते. भिंतीला चीर गेलीय, टाकी भरू नका, असे त्यांनी मला सांगितले. चीर प्लास्टरची आहे, असे मी म्हणालो. त्यांनी महानगरपालिकेत कळवले. टाकी भरायच्या दिवशी त्या आमच्या जिन्यावर येऊन बसल्या व प्लंबरला वर जाऊ देईनात. मी त्यांना बोलू नये ते बोललो. त्या म्हणाल्या, "मला काय म्हणायचं ते म्हणा, पण लेकरू तिथून हलवल्याबिगर मी उठायची नाय." मी तडक याच ठाण्यात येऊन त्यांच्याविरुद्ध तक्रार दिली.

परत गेलो तेव्हा महानगरपालिकेचे इंजिनिअर आलेले होते. त्यांनी न रागावता सांगितले की, रंग, फरशी, किरकोळ दुरुस्ती याला परवानगी लागत नाही. खोली वाढवायची तर लागते आणि घर तो भार पेलेल का हे आधी तपासून घ्यावे लागते. नियमित झाले ते तेव्हा उभे होते तेवढेच. मग त्यांनी बाजेची खोली रिकामी करायला लावली. वच्छलाबाई बाळ-बाळंतिणीला घेऊन सरळ केसरबाईंकडे गेली. मला विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कोपरा गच्चीवरच्या खोलीसकट खाली आला. टाकी रिकामी होती. बाजेचे तुकडे झाले. बाजेवर कोणी नव्हते.

देव तारी त्याला कोण मारी म्हणतात. आमच्यासाठी देवाने केसरबाईंना जिन्यावर बसवले. त्यांचे उपकार माझ्याने फिटणार नाहीत. बारसे त्यांच्याच अंगणात झाले, पाळणाही त्यांनीच बांधला. आता मी परवानगीसाठी रीतसर अर्ज केला आहे. माझी केसरबाईंविरुद्ध काहीही तक्रार नाही.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. वाचताना आवाज थोडा कमी ठेवावा अशी विनंती मी केली. केसरबाईंना माझ्या तक्रारीवरून आज चौकशीला बोलावलेले असून त्या बाहेर बाकावर बसल्या आहेत, आणि नात त्यांच्या मांडीवर झोपली आहे.