साच्यापेक्षा काडीभर जास्त

आम्ही मोहिते मूळचे साताऱ्याकडचे, पण ते आपलं म्हणायचं म्हणून, आमच्यातल्या कुणी सातारा पाहिलेलासुद्धा नाही. पणजोबा इथे बडोद्याला संस्थानच्या फौजेत घोड्यावर होते, आजोबा पायदळात, वडील मिलमध्ये, आणि मी टेबलाखाली. हसू नका, खरंच सांगतो, चाळीस वर्षं माझा निम्मा दिवस क्लबातल्या स्नूकरच्या टेबलाखाली पाठीवर पडून गेलाय. कापडाखालची दगडी पाटी सपाटीला आणायची, कापड चढवायचं, ब्रश, इस्त्री, कडेच्या गादीचं रबर बदलायचं, हे माझं काम. पाणीगेटला घर, घरात मराठी, ओट्यावरून उतरलं की गुजराती, आणि सगळ्यांचा मी वसंतकाका.

आता तुम्ही विचारता, पूल खेळणारा स्नूकरमध्ये चालेल का. काय सांगू तुम्हाला, लोकांना दोन्ही एकच वाटतात, काठी तीच, चेंडू तेच, मग काय वांधो. अहो, पूलचं टेबल लहान, चेंडू मोठा, पॉकेटचं, म्हणजे चेंडू पडतो त्या भोकाचं तोंड सरळ कापलेलं. स्नूकरचं टेबल बारा फुटी, चेंडू लहान, आणि पॉकेटचे ओठ गोल, म्हणजे चेंडू जरा चुकला की ओठाला लागून बाहेर. वर कापडाला लव असते, हळू मारलेला चेंडू ती लव ओढून नेते. पूलमधले मोठमोठे आलेले मी पाहिलेत, दोन दिवस खेळतात आणि तिसऱ्या दिवशी म्हणतात, वसंतकाका, तुमचं टेबल ढळलंय. टेबल नाही हो ढळलेलं, टेबल चोख आहे.

हेतल तशी नव्हती. डभोईची पोर, वडिलांचं हार्डवेअरचं दुकान, शेजारी मामाचं पूल पार्लर, तिथेच शिकली, आणि विशीत पोहोचेपर्यंत पूलमध्ये राज्यात तिच्यासमोर उभं राहायला कुणी उरलं नव्हतं. आमच्या सेक्रेटरींनी तिला सकाळी सरावाची परवानगी दिली, मेंबर ऑफिसात असतात तेव्हा. पहिल्याच दिवशी डभोईच्या बसमधून उतरून आली, डब्यात थेपले, चपला बाहेर काढल्या, कापडावरून तळवा फिरवला आणि मला विचारते, काका, लव कुठल्या बाजूला जाते. चाळीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं हो, एका मेंबरनेसुद्धा नाही. त्याच दिवशी ती पोर माझी झाली.

तिचे वडील म्हणायचे, तिकडे राणी आहेस, इकडे येऊन शिपाई कशाला होतेस. ती ऐकून घ्यायची आणि सकाळची बस पकडायची. सात-आठ महिने असे गेले. लांबचा चेंडू असा मारायची की बघत राहावं, पण जवळ येऊन ओठाला लागायचा आणि परत. एकदा काळा चेंडू पाच वेळा असा बाहेर आला, तेव्हा ती खुर्चीत बसली, तोंडावर टॉवेल घेतला. मला बघवेना.

नेमकं त्याच आठवड्यात, ती सराव करायची त्या दोन नंबरच्या टेबलाचं रबर बदलायचं होतं. आता पॉकेटच्या तोंडाला एक साचा असतो, धातूचा, तो तोंडात ठेवला की बरोबर बसला पाहिजे, हलता कामा नये. आणि मी काय शहाणपणा केला, चारही कोपऱ्यांचं रबर जरा जास्त तासलं. काडेपेटीतली काडी असते ना, पॉकेटचं तोंड तेवढंच मोकळं. म्हटलं, महिनाभर पोरीला हुरूप येऊ दे, मग परत बरोबर करू. तो महिना काही संपला नाही. मेंबर खूष, एका दमात तीस गुणांच्या पुढे कधी न गेलेल्या आमच्या डॉक्टरसाहेबांनी पन्नास केले आणि पेढे वाटले. आणि हेतलने शंभर केले.

त्या वर्षी राज्याच्या संघाची निवड, पूलची आणि स्नूकरची एकाच आठवड्यात, वेगवेगळ्या गावांत, दोन्हींपैकी एकाच निवडीला जाता येणार. पूलमध्ये तिची जागा पक्की होती. ती मला म्हणाली, काका, तुम्ही टेबल ओळखता, माझं स्नूकर झालंय का? आणि मी, मी म्हटलं, चोक्कस, अगदी नक्की झालंय. तिने पूलमधून नाव काढून घेतलं.

पहिल्याच सामन्यात हरली. चेंडू तोंडाशी यायचे आणि उभे राहायचे. चौथ्या दिवशी आली ती कुणाशी न बोलता माझ्या अवजारांच्या पेटीपाशी, साचा काढला, दोन नंबरच्या कोपऱ्यात ठेवला. साचा हलला. चारही कोपऱ्यांत हलला. तिने एवढंच विचारलं, काका, लाड केलेत की मला कच्ची समजलात?

पोरीचं अख्खं वर्ष गेलं, हातातली जागा गेली, कुणामुळे, माझ्यामुळे. मी म्हटलं, बेटा, चुकलो, माफ कर. ती म्हणाली, माफीचं राहू द्या, रबर कधी बदलताय? त्याच दुपारी बसलो, एक टोक तिने धरलं, साचा बरोबर बसेपर्यंत उठली नाही. डॉक्टरसाहेब परत तिसावर आले, त्याबद्दल अजून माझ्यावर डाफरतात. आणि तिने पहिल्यापासून सुरुवात केली, वर्षभर, एक सकाळ चुकवली नाही. मी खूप खेळाडू पाहिले, छाती असलेली ही एकच.

यंदाची निवड बडोद्यातच झाली, टेबलं लावायला मला बोलावलं. शेवटच्या जागेसाठी हेतलचा सामना, एक फ्रेम, म्हणजे एक डाव, पुढे होती, आणि गुलाबी चेंडू कोपऱ्याच्या तोंडाशी येऊन थांबला. त्या कोपऱ्याचं रबर मी तासलेलं, साच्याला अगदी बरोबर. केसभर मोकळं असतं तर आत गेला असता हो. समोरचीने तो घेतला, काळाही घेतला, दोघी सारख्यावर. समोरच्याचा फटका चांगला बसला की आमच्यात टेबलाच्या लाकडावर बोटांनी टकटक करतात, शाबासकी म्हणून. हेतल वळली, मी कोपऱ्यात स्टुलावर बसलो होतो, माझ्याकडे बघून तिने त्याच पॉकेटच्या लाकडावर दोनदा टकटक केली. माझे डोळे भरून आले, शेवटची फ्रेम मला नीट दिसलीच नाही, लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा कळलं की तिने घेतली.

आता ती राज्याच्या संघाबरोबर सरावाला गेलीय. पुढे काय करेल, बाहेरच्या देशात जाऊन व्यावसायिक होईल का, विचारतात लोक मला. मी आता काही सांगत नाही, माझं सांगणं एकदा तिला महागात पडलंय. जिथे जाईल तिथली टेबलं तिला चोख मिळोत, देवाकडे एवढंच मागतो, बाकी तिचं ती बघून घेईल.